शाळेच्या दारापासून रंगमंचापर्यंत

नायगाव, नरसी, कृष्णूर या पट्ट्यात मी लग्नाकार्याचा स्वयंपाक करतो. पंगत वाढताना कोण कुणाशेजारी बसतं आणि कोण उठून पलीकडे जातं, हे आचाऱ्याला दिसतंच. एका लग्नात एका बाईनं वाढायला वरणाचं वगराळं हातात घेतलं आणि समोरची चार माणसं भरलं पान सोडून उठली. तिचा नवरा एड्सनं गेला होता. कुणीतरी ते वगराळं उकिरड्यावर टाकून आलं. मी चुलवणापाशी उभा होतो. बोललो नाही. ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हासेगावच्या ‘सेवालया’ची वाटचाल लिहायला घेतली.

हासेगाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. इथं २००७ साली रवी बापटले यांनी ‘आम्ही सेवक’ या संस्थेतर्फे एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी सेवालय सुरू केलं. लेकरांना हा विषाणू बहुतेक वेळा आईकडूनच येतो. एआरटीची, म्हणजे या विषाणूला आवरून धरणारी, औषधं सरकारी दवाखान्यातून एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली होती आणि २००६ च्या अखेरीस खास लहान मुलांसाठीचा उपचार कार्यक्रमही सुरू झाला. म्हणजे लेकरू जगणार होतं. आई-बाप गेल्यावर ते राहणार कुणाच्या घरात, एवढंच ठरायचं होतं.

गावानं त्यांना सहज जवळ केलं नाही. २००९ मध्ये सेवालयाची मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपापली मुलं घरी ठेवली. ती बातमी देशभर गेली, प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. त्या पालकांना मी दुष्ट म्हणणार नाही. एका बाकावर बसून, एका ताटात जेवून, एका माठातलं पाणी पिऊन हा विषाणू लागत नाही, हे त्यांना घरी येऊन नीट कुणी सांगितलंच नसावं. भिऊन वागले ते. पण त्या भीतीची शिक्षा लहान लेकरांनी भोगली.

आता माझ्या कामाचं सांगतो. एआरटीची गोळी ठरल्या वेळी घ्यावी लागते, रोज, आयुष्यभर. पोटात अन्न नसेल तर अशक्त लेकराला ती झेपत नाही. म्हणून वरण-भात, अंडं, शेंगदाणे, हिरवी भाजी हे त्याच्यासाठी औषधाइतकंच मोलाचं. असं घर चालवायचं म्हणजे रोजचा शिधा आला, आणि शिध्याला पैसा लागतो.

त्यातूनच ‘हॅपी म्युझिक शो’ उभा राहिला. सेवालयाचीच मुलं गाणी म्हणतात, नाचतात, गावोगावी कार्यक्रम करतात आणि संस्थेसाठी निधी गोळा करतात. यातली हिंमत बघा. ज्यांच्यासोबत शाळेच्या एका खोलीत कुणी आपलं लेकरू बसू दिलं नाही, ती मुलं पूर्ण उजेडात, सगळ्या गावापुढं उभी राहतात. जे अंग शिवू नये म्हणून लोक सरकून बसले, तेच अंग तालावर थिरकतं. शंभर भाषणांनी जाणार नाही एवढी भीती एका नाचानं जाते, असं मला वाटतं. कारण नाचणारं लेकरू घामाघूम होऊन हसतं, तेव्हा बघणाऱ्याला आधी आपल्या घरातलं लेकरू आठवतं.

मुलं मोठी झाली. अठरा वर्षांची झाल्यावर त्यांनी जायचं कुठं? त्यांच्यासाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ वसवलं. या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडून बघा. ज्या तीन अक्षरांनी त्यांना घराबाहेर काढलं, त्याच अक्षरांचं गाव केलं. तिथं एचआयव्ही असलेल्या तरुण-तरुणींची लग्नंही लागली. २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्सविषयीचा कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शाळेत, नोकरीत, दवाखान्यात या कारणानं भेदभाव करणं आता बेकायदा आहे.

पंगतीत मात्र कायदा वाढायला येत नाही. ही मुलं कधी नायगावला कार्यक्रमाला आली, तर त्या दिवसाचा स्वयंपाक माझ्याकडं. पुऱ्या, वांग्याची भाजी, सुंठीचं वरण, बुंदी. गोळीची वेळ विचारून त्याआधी पानं मांडीन. वगराळं त्यांच्यातल्याच एकाच्या हातात देईन आणि पहिलं पान माझं असेल. जेवणं उरकली की शेवटच्या गाण्याला त्यांनी मला बोलवावं. पाय जड आहेत, पण येईन.