पिटातली जागा

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आजवर रंगमंचाकडे तोंड करून लिहिला गेला आहे. नटांची चरित्रे, पदांच्या चाली, भरजरी शालू, अत्तराचे फाये, मंडळ्यांच्या फाटाफुटी या सगळ्यांवर ग्रंथ झाले. मात्र सर्वांत स्वस्त तिकीट काढून पिटात दाटीवाटीने बसलेला, रात्र रात्र जागणारा माणूस या ग्रंथांत फक्त टाळ्या आणि 'वन्स मोअर' यांच्या रूपाने हजेरी लावतो. त्याला नाव नाही, गाव नाही, जात नाही. 'पिटातला प्रेक्षक' हा शब्दच पांढरपेशा समीक्षकाने हलक्या अभिरुचीचा शिक्का म्हणून वापरला. त्या शिक्क्याखाली कोण बसले होते, हा प्रश्न आता आपणच विचारला पाहिजे.

आमची नृसिंहवाडी आणि सांगली यांत वीस-बावीस किलोमीटरचे अंतर. त्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते संस्थानिकाच्या आश्रयाने. दरबारी खेळाला तिकीट नसते. तिथे मान असतो, आणि मान जातीच्या उतरंडीने वाटला जातो. भाव्यांनीच १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले आणि एक नवी गोष्ट घडली. पैसे टाकले की जागा मिळू लागली. १८८० मध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात उभे राहिले, आणि पुढची चार-पाच दशके संगीत नाटक ही मराठी माणसाची सर्वांत मोठी हौस होऊन बसली.

याच १८८० सालची आणखी एक नोंद आहे. लंडनच्या हेमार्केट थिएटरच्या मालकाने पिट काढून तिथे महाग खुर्च्या मांडल्या. पहिल्याच रात्री लोकांनी 'पिट कुठे आहे' असा गिल्ला करून खेळ अडवून धरला. त्याआधी तीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये एक पेनी देऊन उघड्या अंगणात उभ्याने नाटक पाहता येत असे. स्वस्त जागा ही मालकाची कृपा नसून आपला हक्क आहे, अशी तिथल्या कष्टकऱ्यांची ठाम समजूत होती.

आपल्याकडे हा हक्क दुहेरी कोंडीत सापडला होता. एक कोंडी पैशाची. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले. त्याच्या थोरवीची वर्णने आपण शाळेपासून वाचतो. तिकिटांचे दर मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. गरीब म्हणून हिणवल्या गेलेल्या धैर्यधराचे ते नाटक पाहायला गरिबालाच वाट नव्हती!

दुसरी कोंडी जातीची. ती फोडण्याचे काम आमच्याच मुलखात सुरू झाले होते. १९१५ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभारले. शेजारीच खासबागेचे कुस्तीचे मैदान, जिथे जमिनीवर बसणाऱ्यालाही आखाडा स्वच्छ दिसतो. १९१९ मध्ये याच राजाने सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे करण्याचे हुकूम काढले. १९२० च्या मार्चमध्ये वाडीपासून फार लांब नसलेल्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. हे सारे एकाच दशकातले. नाट्यगृहाचा इतिहास आणि माणगावचा इतिहास वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची सवय आपण मोडली पाहिजे.

या कप्प्यांमधली भिंत मला कळली ती आजोबांच्या बोलण्यातून. आमची वस्ती वाडीच्या कडेची. संगमावर दत्ताच्या पादुकांसाठी रांगा लागत, आणि आमचे लोक लांबून हात जोडत. पन्नाशीच्या दशकात सांगलीला नाटक आले की आजोबा आणि त्यांचे दोन सोबती शिरोळ, जयसिंगपूर करीत पायी जात. खिडकीवर रेटारेटी, धोतराच्या सोग्यात बांधलेले चार आणे, आणि हातात पिटाचे चिटोरे. "तिकीट मिळालं की पोट भरल्यागत व्हायाचं," असे ते म्हणत. एकदा दारावरच्या माणसाने गाव विचारले, मग वस्ती विचारली. आजोबांनी तिकीट पुढे धरले आणि दुसरे काही सांगितले नाही. तो बाजूला झाला. पडदा उघडायच्या आतच आजोबांचे अर्धे नाटक पाहून झाले होते.

हे धैर्य कुठून आले? २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या जागांचाही स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तिथली अडवणूक शिक्षापात्र ठरवली. पाणी आणि भाकरी यांच्या बरोबरीने करमणुकीच्या जागेतही माणसाला माणूस म्हणून शिरता आले पाहिजे, हे घटनेने मान्य केले होते. आजोबांनी ते कलम वाचलेले नव्हते. त्यांच्या मुठीतल्या चिटोऱ्यामागे ते उभे होते.

कोणी विचारील, त्या रंगमंचावर त्यांचे काय होते? राजे, ऋषी, सरदार, सावकार. त्यांच्या वस्तीचे दुःख तिथे क्वचितच बोलले. ते बोलले सत्यशोधक जलशांत, आंबेडकरी जलशांत, अण्णा भाऊंच्या लोकनाट्यात. हे खरेच आहे. परंतु जलसेकारांनी लोकप्रिय चाली उचलून त्यांत आपला विचार भरला, आणि चाल उचलायला आधी ती कानावर पडावी लागते. शिवाय निव्वळ आनंद घेण्याचाही अधिकार असतो. सोसणाऱ्याने केवळ दुःखच सांगावे, ही अपेक्षाही एक प्रकारची शिवाशिवच आहे.

आज न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या संगीत नाटकांच्या स्वस्त जागा सोडतीने वाटतात. १९९६ च्या 'रेंट'ने वीस डॉलरांत पुढच्या रांगा दिल्या, २०१५ च्या 'हॅमिल्टन'ने दहा डॉलरांत. जिंकणाऱ्याचा आनंद खराच असतो. पण सोडत एकाला जागा देते आणि शेकडोंना उद्याची आशा देऊन घरी पाठवते. पिट रोजचे होते. त्यासाठी नशीब लागत नव्हते, चार आणे आणि चालण्याची तयारी लागत होती.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे ते नाट्यगृह, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, आगीत जळाले. नाटकवेडे कोल्हापूर रडले आणि पुनर्बांधणीची मागणी लगेच उठली, हे योग्यच झाले. छत, ध्वनी, खुर्च्या यांबरोबर एक प्रश्न आपण लावून धरला पाहिजे: शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीत त्याच्या घरातली चार माणसे बसतील अशा किती जागा तिथे राहणार? माझ्या विद्यार्थ्यांना मी यंदा एक काम दिले आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुठले नाटक पाहिले, किती आणे पडले, कुठे बसलात, शेजारी कोण होते. वह्या भरू लागल्या आहेत.