सांडपाण्यावर प्रक्रिया का झाली नाही? उत्तर जातीत आहे

मैला वाहून नेणे म्हणजे मैल्यावर प्रक्रिया करणे नव्हे. हा फरक कळायला लंडनलाही वीस वर्षे आणि एक दुर्घटना लागली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट पार्लमेंटमध्ये शिरली, तेव्हा खासदारांनी घाईघाईने कायदा केला आणि बॅझलजेट या अभियंत्याने शहराखाली गटारांचे जाळे बांधले. पण मैला तसाच शहराच्या पूर्वेला नदीत सोडला जात होता. १८७८ साली त्याच ठिकाणाजवळ 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही आगबोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या घाण पाण्यावरून ओरड झाली आणि पुढे मैल्याचा गाळ वेगळा काढण्याचे काम सुरू झाले. १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये हवा आणि जिवाणूंच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत मांडली. आजही जगभर ती वापरली जाते.

म्हणजे शास्त्र शंभर वर्षांपासून हाताशी आहे. मग आपल्याकडे अडले कुठे?

इथे मैल्याची व्यवस्था यंत्राने नव्हे, जन्माने लावलेली होती. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात 'हलालखोर कर' होता. सफाईच्या कराला थेट सफाई करणाऱ्या जातीचे नाव! इथला सफाई कामगार कामामुळे नव्हे तर जन्मामुळे तसा ठरतो, हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य प्याले, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले. ज्यांना जंतूंचा नव्हे, माणसाचा विटाळ होतो, त्यांना मैलाशुद्धी केंद्राची निकड कशी वाटावी? स्वस्तात उतरणारा माणूस असताना यंत्र कोण आणणार?

१९९३ च्या कायद्याचा भर कोरड्या संडासांवर होता. गटारात उतरणारा त्यातून सुटलाच. २०१३ चा कायदा लागू झाला ६ डिसेंबरला. तारीख छान निवडली, पण बंदी आहे ती सुरक्षासाधनांशिवाय उतरवण्यावर. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख केली. मृत्यू थांबले नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा आकडा पाहा: शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते, प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ वर. उरलेले नाल्यांत, नद्यांत जाते. नाल्याकाठी वस्ती कोणाची, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि सेप्टिक टँक बांधला की झाले, हा समज आपल्या वस्त्यांतही आहे. टाकीत गाळ फक्त तळाशी बसतो. वरचे पाणी जंतूंसह बाहेर पडते, त्याला शोषखड्डा किंवा पुढची प्रक्रिया लागतेच. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला नाही तर टाकी तुंबते, आत हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू साचतो. मग 'माणूस बोलवा' सुरू होते. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी टाक्या तुंबण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळापत्रकाने गाडीने गाळ उपसून प्रक्रिया केंद्रात नेण्याची पद्धत सुरू केली. छोट्या गावांना जमते, तर महापालिकांना का नाही?

तुमच्या नगरपरिषदेकडे माहितीच्या अधिकारात एवढेच विचारा: उपसलेला गाळ नेमका कुठे टाकता, आणि गेल्या वर्षी किती वेळा माणूस आत उतरवला?