बर्फातला प्रवास : तयारी कुणाकुणाची?

आजचा विषय ऐकायला साधा आहे. भर हिवाळ्यात, बर्फाने भरलेल्या डोंगरांतून लांबचा प्रवास करायचा, तर तयारी काय करायची? कुणालाही विचारा, यादी तोंडपाठ असते. टायरांना साखळ्या, लोकरीचे कपडे, जादा इंधन, खाणं, औषधं. यादी चुकीची नाही. पण इतिहास पाहिला की लक्षात येतं, यादीच्या आधी दोन प्रश्न यायला हवेत. ती वाट रोज तुडवणाऱ्या माणसाचं आपण ऐकलं का? आणि बरोबर निघालेल्या प्रत्येकाला मोजलं का? आज आम्ही तीन हिवाळे तुमच्यापुढे ठेवणार आहोत. पहिले दोन एकाच वर्षीचे आहेत, तिसरा स्वातंत्र्यानंतरचा.

पहिला हिवाळा काबूलचा. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा शाह शुजाला गादीवर बसवायला अफगाणिस्तानात शिरल्या. मुंबईहून सिंधमार्गे गेलेली फौजही त्यांत होती. ती पुढे परतली. जाताना सामानाला तोटा नव्हता. सुमारे ३०,००० उंट बरोबर होते! १८४१ च्या नोव्हेंबरात काबूलमध्ये उठाव झाला, छावणीला वेढा पडला, धान्य आटत गेलं. वाटाघाटींत डिसेंबर सरला आणि बर्फ पडू लागलं. अखेर ६ जानेवारी १८४२ ला जनरल एल्फिन्स्टनची छावणी जलालाबादकडे निघाली. अंतर सुमारे १४० किलोमीटर.

निघाले किती? सैनिक साधारण साडेचार हजार. आणि त्यांच्या मागे सुमारे १२,००० बुणगे. पानिपतामुळे हा शब्द मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. सईस, आचारी, भिस्ती, धोबी, डोलीवाले, त्यांच्या बायका आणि मुलं. बहुतेक सगळे हिंदुस्थानातले, मैदानी मुलखातले. म्हणजे सैनिकांच्या जवळजवळ अडीचपट माणसं अशी, की ज्यांचं नाव कुठल्याच तयारीत नव्हतं.

आता एक बारीकशी गोष्ट बघा. मेजर एल्ड्रेड पॉटिंजर हा अधिकारी अफगाणांमध्ये बराच वावरलेला होता. त्याने सुचवलं होतं की घोड्यांच्या जुन्या झुली फाडा, त्यांच्या पट्ट्या करा आणि अफगाण लोक करतात तशा शिपायांच्या पायांना गुंडाळा. खर्च जवळजवळ काहीच नाही. सामान हाताशी पडलेलं. पण कुणी मनावर घेतलं नाही. पहिली रात्र उघड्या बर्फात गेली. काही तासांतच हिमदंशाने कित्येकांचे पाय निकामी झाले. ज्याला चालता येत नाही, त्याला पुढच्या खुर्द काबूलच्या खिंडीत डोंगरावरच्या गोळ्यांपासून कोण वाचवणार? थंडी आणि हल्ला ही दोन वेगळी कारणं म्हणून सांगितली जातात. आम्हाला वाटतं, ती एकमेकांत गुंतलेली होती. पुढे काही दशकांनी ब्रिटिश सैन्यात पायांना पट्ट्या बांधणं हा गणवेशाचाच भाग झाला. इंग्रजीत त्यासाठी जो शब्द गेला, तोसुद्धा आपल्या ‘पट्टी’वरूनच.

१३ जानेवारीला डॉक्टर विल्यम ब्रायडन थकलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोचला. लेडी बटलर यांनी १८७९ साली त्या प्रसंगाचं चित्र काढलं आणि ‘एकटाच वाचला’ ही समजूत घट्ट झाली. ती खरी नाही. ओलीस ठेवलेले इंग्रज स्त्रीपुरुष पुढे सुटले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीची फौज पुन्हा काबूलला पोचली, तेव्हा हिंदुस्थानी शिपाई आणि बुणगे तिथे जिवंत सापडले. त्यांत हातपाय गमावलेले होते, भीक मागून जगलेले होते. ब्रायडनचा घोडा आपल्याला आठवतो, ही माणसं आठवत नाहीत.

आता याच हिवाळ्यात, काबूलच्या प्रसंगाच्या महिनाभर आधी, हिमालयापलीकडे चला. जम्मूच्या गुलाबसिंगांचा सेनापती जोरावरसिंग. हा बर्फाला नवखा नव्हता बरं का. १८३४ पासून लडाखच्या मोहिमा त्याने केल्या होत्या. १८४१ च्या उन्हाळ्यात तो पश्चिम तिबेटात घुसला आणि सप्टेंबरपर्यंत थेट तकलाकोटला पोचला. तिथली उंची सुमारे १३,००० फूट. चाल वेगवान होती, पण ती उन्हाळ्याची चाल होती. मागचे घाट बर्फाने बंद झाले, तेव्हा परतीची वाट उरली नाही आणि रसदही उरली नाही. तिबेटी फौज हिवाळ्यात समोर उभी राहिली. ऊब मिळावी म्हणून डोग्रा शिपायांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले, असं अलेक्झांडर कनिंगहॅमने नोंदवून ठेवलंय. लढायचं हत्यारच सरपण झालं, आणखी काय सांगायचं? १२ डिसेंबर १८४१ ला जोरावरसिंग पडला. इथे अनुभव होता, शौर्य होतं. फक्त ‘परत कधी फिरायचं’ याचं उत्तर तयारीत नव्हतं.

तिसरा हिवाळा १९४८ चा. लेहवर हल्ल्याचं सावट होतं, आणि श्रीनगरहून लेहला जाणारी वाट झोजी ला या साडेअकरा हजार फुटांवरच्या खिंडीतून जाते. फेब्रुवारीत ही खिंड ओलांडायची म्हणजे वेडेपणाच मानला जाई. मेजर पृथी चंद या कामाला पुढे आले. ते लाहौलचे, म्हणजे बर्फातच वाढलेले. कॅप्टन खुशाल चंद आणि सुभेदार भीम चंद हेही तिकडचेच. सुमारे ४० स्वयंसेवक घेऊन ते फेब्रुवारीच्या मध्यास श्रीनगरहून निघाले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लेहला पोचले. बरोबर स्थानिक तरुणांना द्यायच्या बंदुका होत्या. पुढे तिथेच सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याच्या देखरेखीखाली धावपट्टी झाली आणि २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर पहिलं डाकोटा उतरवलं.

फरक कशात आहे? तुकडी छोटी, प्रत्येक माणूस मोजलेला, आणि वाट जाणणाऱ्याच्या हातात हुकूम. काबूलला वाट जाणणारा सल्ला देत होता आणि हुकूम दुसऱ्याच्या हातात होता. तीनही हिवाळ्यांत थंडी तीच होती. साधनांची श्रीमंती तर उलट काबूलकडेच जास्त होती.

हे सगळं फौजांचं झालं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण आज महाराष्ट्रातून कितीतरी जण गाडी घेऊन लडाखला जातात, काही तर थंडीतही. पूर्वी झोजी ला वर्षातले जवळजवळ सहा महिने बंद असे. आता सीमा सडक संघटना तो काळ काही आठवड्यांवर आणू शकते. तो बर्फ यंत्रं बाजूला सारतात, तशी माणसंही. लडाखमधल्या या रस्त्यांवर राबणाऱ्यांत झारखंडहून, दुमक्यासारख्या भागांतून आलेले मजूर मोठ्या संख्येने असतात. पुन्हा मैदानी मुलखातलेच लोक.

तेव्हा यादी करताना साखळ्या घ्या, इंधन घ्या. पण स्थानिक चालक ‘आज घाट नको’ म्हणाला तर गाडी वळवा. त्याचा तो शब्द म्हणजे पॉटिंजरची पट्टी आहे. परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. आणि वाटेत फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत काय आहे, तेही एकदा बघा.