प्रसादाचा शिरा : माप आणि वजन

सत्यनारायणाच्या प्रसादासाठी रवा, साखर व तूप सव्वाच्या मापाने घेण्याची प्रथा आहे. जुन्या टिपणांतील ‘शेर’ हा शब्द मात्र माप आणि वजन या दोन्हींसाठी रूढ होता. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्यामुळे मापी शेराचे सरसकट किलो करू नयेत, अशी आमची विनंती आहे. एक लिटरच्या मापात तूप सुमारे ९१० ग्रॅम, साखर ८५० ग्रॅम, तर रवा ७०० ग्रॅमच मावतो. तिन्ही जिन्नस समान वजनाने घेतल्यास रव्याचे प्रमाण वाढून शिरा कोरडा होतो. रव्याच्या जाडीनुसार हे आकडे थोडे बदलतात. म्हणून आपल्या मापातील प्रत्येक जिन्नस एकदा तोलून त्याची नोंद ठेवावी.