सनबोर्ड कटिंग

ताठ पीव्हीसी फोमच्या तक्त्यातून अक्षरे व आकृत्या सपाट टेबलाच्या संगणकचलित यंत्रावर कापण्याचे काम. हा तक्ता बाजारात फोमशीट किंवा सनबोर्ड म्हणून मिळतो. नेहमीचे माप 8 × 4 फूट. नाशिकमध्ये दुकानांच्या पाट्या, प्रदर्शनातील फलक आणि गणपतीची आरास यांसाठी तो वापरतात. राज्यात मार्च 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यावर मखरांसाठी हा एक पर्याय ठरला. मात्र तोही प्लास्टिकच आहे आणि कुजत नाही, हे विसरून चालणार नाही.

पातळ तक्ता वेगाने वरखाली होणाऱ्या पात्याने, तर जाड तक्ता राउटरच्या फिरत्या बिटने कापतात. पीव्हीसी साधारण 80° से.ला मऊ पडते. त्यामुळे बिट एकाच जागी रेंगाळले, की भुसा वितळून कडेला चिकटतो.

देवनागरीत खरी कसोटी आरेखनाची असते. शिरोरेषेवर अक्षरांच्या बाह्यरेषा एकमेकींवर चढतात. त्या एकजीव न केल्यास यंत्र प्रत्येक अक्षर वेगळे कापते आणि शब्द तुटतो. अनुस्वार सुटाच निघतो, म्हणून तो बसवण्यासाठी कागदी नमुना सोबत द्यावा. बिट गोल असल्याने आतले कोपरेही गोलच राहतात. टोकदार कोपऱ्याला पातेच हवे.

लेझरवर पीव्हीसी कधीही कापू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू कारागिराच्या फुफ्फुसांना घातक असतो आणि यंत्रही गंजवतो.