संगणक जालावरील चित्रप्रेषण

चलत् चित्रांचे संकेत अंकीय स्वरूपात, लहान लहान गटांत विभागून संगणक जालावरून पाठविण्याची पद्धत. पूर्वीच्या बंद मंडल दूरचित्रवाणीत प्रत्येक कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र समाक्ष केबल असे. त्यामुळे अंतर मर्यादित राही, पण चित्रही त्या मंडलाबाहेर जात नसे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्याचे चित्र स्थानिक जालावरून संशोधकांच्या संगणकांवर दिसू लागले. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर खुले झाले. स्वीडनमधील ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये थेट जालास जोडता येणारा कॅमेरा विक्रीस आणला. एच.२६४ या संपीडन मानकामुळे (२००३) चित्रांस लागणारी वहनक्षमता बरीच घटली, तर ऑनव्हिफ या संघटनेने (स्थापना २००८) निरनिराळ्या उत्पादकांच्या साधनांत मेळ घातला. दूरचित्रवाणी केंद्रांसाठी एसएमपीटीई २११० ही मानके २०१७ पासून प्रसिद्ध झाली.

जालामुळे अंतराची अडचण दूर झाली. परंतु परक्यांनाही कॅमेऱ्यापर्यंत वाट मिळाली. २०१६ मध्ये मिराई या घातक आज्ञावलीने, कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी अनेक संकेतस्थळांची सेवा विस्कळीत केली. पहाऱ्याची साधनेच अशा रीतीने हल्ल्याची साधने बनली. ब्रिटनमध्ये २०२४ पासून, सर्व नगांना एकच सामाईक परवलीचा शब्द असलेली अशी साधने विकण्यास कायद्याने मनाई आहे.