ई-रीडर निवडताना पुस्तकांचा मार्ग पाहावा
ई-रीडर घेताना नजर प्रथम पडद्याकडे जाते. परंतु किंडल आणि कोबो यांच्या सध्याच्या बहुतेक सहा-सात इंची उपकरणांत इंचामागे ३०० बिंदूंचीच ई-शाई असल्याने तेथे फारसा भेद उरत नाही. भेद आहे तो पुस्तक उपकरणात कोणत्या मार्गाने येते, यात.

अ‍ॅमेझॉनने २०१६मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आणली. विकत घेऊन वाचणाऱ्यास हा मार्ग सुलभ आहे. मात्र खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने उपकरणात नेण्याची सोय फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. ग्रंथ आपला, किल्ली दुकानदाराची! ईपब फाइलही किंडल थेट उघडत नाही. ती ‘सेंड टू किंडल’द्वारे रूपांतरित करावी लागते. कोबो मात्र ईपब जशीच्या तशी वाचतो.

खरेदीपूर्वी आपल्याजवळील एखादे मराठी पुस्तक उपकरणावर उघडून ‘वाङ्मय’, ‘आर्द्रता’, ‘तऱ्हा’ असे शब्द अवश्य पाहावेत. जोडाक्षरे फुटत असतील, तर इतर गुण व्यर्थ होत.

जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचणाऱ्यांनी लहान पडद्याच्या वाटेस जाऊ नये. तेथे अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. त्यांच्यासाठी दहा इंची किंडल स्क्राइब किंवा कोबो एलिप्सा; किंमत मात्र बरीच अधिक.

गोव्याच्या पावसाळ्यात बसने ये-जा करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : किंडल पेपरव्हाइट जलरोधक आहे, सर्वांत स्वस्त किंडल नाही.